दारापर्यंत नेणाऱ्या माणसाचा खर्च

औषधांचा बाजार आणि अभ्यासिकांची पेठ

पुण्याच्या सदाशिव पेठेची ओळख मराठी वाचकाला बहुधा भारत इतिहास संशोधक मंडळ, टिळक रस्त्यावरची महाराष्ट्र साहित्य परिषद आणि जुनी शाळा-महाविद्यालये यांच्यामुळे असते. परंतु आरोग्यसेवेच्या अंगाने पाहू गेल्यास याच पेठेची आणखी दोन रूपे दिसतात आणि प्रस्तुत विषयाशी त्यांचाच संबंध अधिक जवळचा आहे. पहिले रूप औषधांच्या घाऊक बाजाराचे आहे. शहरातल्या आणि जिल्ह्यातल्या किरकोळ विक्रेत्यांना माल पुरवणाऱ्या वितरकांचे गाळे येथील बोळांतून दाटीने वसलेले आहेत, आणि दुचाकीवर खोकी बांधून निघणाऱ्या मुलांची ये-जा तेथे दिवसभर चालू असते. दुसरे रूप स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांचे आहे. बीड, लातूर, नांदेड, परभणी, सोलापूर अशा जिल्ह्यांतून आलेली विशी-पंचविशीतली मुले-मुली येथे 'कॉट बेसिस'वर राहतात, खाणावळीत जेवतात आणि अभ्यासिकेत बारा-बारा तास बसतात. त्यांच्या जवळ आईवडील नाहीत, ओळखीचा डॉक्टर नाही, आणि लैंगिक आरोग्याविषयी काही विचारायचे झाल्यास मोबाइलच्या पडद्याखेरीज दुसरे ठिकाण सहसा नाही.

या पेठेतून पायी निघाल्यास दहा-पंधरा मिनिटांत बुधवार पेठेतील वेश्यावस्ती लागते, जेथे सहेली संघ ही तेथील महिलांची संघटना १९९८ पासून काम करते आहे. शहराच्या दुसऱ्या टोकाला, भोसरीत, १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली, आणि ससून रुग्णालयात एचआयव्हीवरील मोफत उपचारांचे केंद्र आहे. म्हणजे औषध, संशोधन, रुग्णालय आणि ज्यांना या सगळ्याची गरज आहे अशी माणसे, हे सर्व एकाच शहरात काही किलोमीटरांच्या आत आहे. तरीही या शहरात एचआयव्हीचे निदान उशिरा होते आणि उपचार मध्येच सुटतात, याचे कारण औषध व माणूस यांच्यामधले अंतर रस्त्याने मोजता येत नाही. ते अंतर कोणीतरी सोबत चालून कापावे लागते. परदेशी निधी आटल्यानंतर भारतात नेमके काय थांबले हे पाहिले, तर औषध थांबले नाही, सोबत चालणारा माणूस थांबला, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

जानेवारी २०२५ आणि पुण्यातील 'मित्र'

२० जानेवारी २०२५ रोजी, अध्यक्षपदाची सूत्रे पुन्हा हाती घेतली त्याच दिवशी, डोनाल्ड ट्रम्प यांनी अमेरिकेचे परदेशी विकास-साहाय्य फेरविचारासाठी ९० दिवस थांबवण्याचा आदेश काढला, आणि त्यानंतर काही दिवसांतच चालू असलेली कामेही जागच्या जागी थांबवण्याच्या सूचना जगभरच्या संस्थांना मिळाल्या. मार्चमध्ये यूएसएड या अमेरिकी साहाय्य संस्थेचे ८३ टक्के कार्यक्रम रद्द झाल्याचे परराष्ट्रमंत्री मार्को रुबियो यांनी जाहीर केले आणि १ जुलैपासून त्या संस्थेचे काम अधिकृतपणे संपले. एचआयव्हीच्या क्षेत्रात या निर्णयाचा आघात विशेष तीव्र होता, कारण अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी २००३ मध्ये सुरू केलेला 'पेपफार' हा अमेरिकी निधी दोन दशके आफ्रिकेतील अनेक देशांच्या एचआयव्ही-उपचारांचा मुख्य आधार होता. हा आधार पूर्णपणे निघून गेला आणि त्याची जागा कोणी घेतली नाही, तर २०२९ पर्यंत ६० लाख जादा संसर्ग आणि ४० लाखांहून अधिक जादा मृत्यू होतील, असा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक संस्थेने २०२५ मध्ये मांडला.

भारताला पेपफारकडून मिळणारा पैसा आफ्रिकेच्या तुलनेत अल्प होता, आणि म्हणूनच भारतात त्याचा परिणाम होणार नाही अशी समजूत सुरुवातीला होती. प्रत्यक्षात पहिला परिणाम दिसला तो हैदराबाद, कल्याण आणि पुणे या तीन शहरांत. यूएसएडच्या पैशावर अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ 'अ‍ॅक्सेलरेट' नावाचा प्रकल्प चालवत होते आणि त्या प्रकल्पातून 'मित्र' या नावाने पारलिंगी व्यक्तींसाठी दवाखाने उभे राहिले होते. त्यांतला पहिला जानेवारी २०२१ मध्ये हैदराबादेत सुरू झाला, पुढे कल्याण आणि पुणे येथेही तशीच केंद्रे निघाली. तिन्ही मिळून सुमारे ५ हजार व्यक्तींना सेवा मिळत असल्याचे वृत्त केंद्रे बंद पडली तेव्हा प्रसिद्ध झाले.

या दवाखान्यांची रचना समजून घेण्याजोगी आहे. स्वागतकक्षापासून समुपदेशनापर्यंतची बरीच कामे पारलिंगी व्यक्तीच करत असत, त्यामुळे आत येणाऱ्याला आपले नाव आणि आपला पेहराव यांचे स्पष्टीकरण देत बसावे लागत नसे. येणारी व्यक्ती सहसा एचआयव्हीच्या तपासणीसाठी येत नसे. तिला संप्रेरकांच्या गोळ्यांविषयी सल्ला हवा असे, शस्त्रक्रियेची माहिती हवी असे, मन खचलेले असे, किंवा ओळखपत्राच्या कागदपत्रांसाठी मदत हवी असे. या निमित्ताने तपासणीचा विषय निघे, आणि चाचणी सकारात्मक आली तर कोणीतरी बरोबर जाऊन शासकीय उपचार केंद्रात नाव नोंदवून देई. एचआयव्हीच्या कार्यक्रमाने संप्रेरकांचा किंवा त्वचेच्या उपचारांचा खर्च का करावा, असा प्रश्न अमेरिकेतील टीकाकारांनी या दवाखान्यांविषयी जाहीरपणे विचारला. त्याचे उत्तर असे की तपासणीच्या खोलीपर्यंत आणणारी वाट त्याच उपचारांतून जात होती. ती वाट फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. हैदराबादचे केंद्र टाटा ट्रस्टच्या साहाय्याने मे महिन्यात 'सबरंग' या नव्या नावाने पुन्हा सुरू झाले, ही समाधानाची गोष्ट असली तरी एका धर्मादाय निधीची जागा दुसऱ्या धर्मादाय निधीने घेणे म्हणजे सेवा टिकाऊ होणे नव्हे.

गोळी कोणाच्या पैशाची

एचआयव्ही हा विषाणू शरीराची प्रतिकारशक्ती हळूहळू खच्ची करतो आणि त्यातून पुढे एड्सची अवस्था येते. विषाणूची वाढ रोखणारी औषधे रोज घेतल्यास ही अवस्था येत नाही. इतकेच नव्हे, तर रक्तातील विषाणूंची संख्या चाचणीत न आढळण्याइतकी खाली गेली की त्या व्यक्तीकडून लैंगिक संबंधांतून संसर्ग होत नाही. या उपचाराला 'एआरटी' म्हणतात. २००१ मध्ये सिप्ला कंपनीच्या युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा वर्षभराचा उपचार ३५० डॉलरना देऊ केला, तोवर त्याच औषधांना श्रीमंत देशांत वर्षाला १० हजार डॉलर आणि त्याहूनही अधिक पडत असत. भारतीय औषधनिर्मितीने जगाचा हिशेब बदलला, आणि भारत सरकारने १ एप्रिल २००४ पासून निवडक केंद्रांत मोफत उपचार सुरू केले.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा पहिला टप्पा १९९२ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जावर उभा राहिला होता आणि तिसऱ्या टप्प्यापर्यंत बाहेरच्या पैशाचा वाटा मोठा होता. त्यानंतर चित्र पालटत गेले. २०२१ ते २०२६ या मुदतीच्या पाचव्या टप्प्यासाठी १५ हजार ४७१ कोटी ९४ लाख रुपयांची तरतूद करण्यात आली आणि ती संपूर्णपणे केंद्र शासनाच्या निधीतून होती. देशात २५ लाखांहून अधिक लोक एचआयव्हीसह जगतात, त्यांत सर्वाधिक, म्हणजे ४ लाखांच्या आसपास, महाराष्ट्रात आहेत. त्यांच्या गोळ्यांचा पुरवठा वॉशिंग्टनच्या निर्णयावर अवलंबून नाही, ही दोन दशकांच्या धोरणाची फार मोठी कमाई आहे आणि तिची नोंद स्वच्छपणे घेतली पाहिजे.

परंतु याच कार्यक्रमाचे २०२३ चे आकडे दुसरी बाजू दाखवतात. एचआयव्हीसह जगणाऱ्यांपैकी ८१ टक्क्यांना आपल्या संसर्गाची माहिती आहे, माहिती असलेल्यांपैकी ८८ टक्के उपचार घेतात, आणि उपचार घेणाऱ्यांपैकी ज्यांची चाचणी झाली त्यांतल्या ९७ टक्क्यांच्या रक्तात विषाणू आटोक्यात आहे. शेवटचा आकडा गोळीच्या गुणाचा आहे आणि तो उत्तम आहे. पहिले दोन आकडे माणसाला शोधण्याचे आणि धरून ठेवण्याचे आहेत, आणि गळती तेथेच आहे.

दक्षिण आफ्रिकेतही हेच घडले. तेथील सरकार औषधांची खरेदी मुख्यतः स्वतःच्या पैशातून करते आणि पेपफारचा वाटा एकूण एचआयव्ही खर्चाच्या सुमारे १७ टक्के होता; परंतु तो वाटा समुपदेशक, नोंदणी करणारे कर्मचारी आणि वस्तीत फिरणारे कार्यकर्ते यांच्या पगारात गुंतलेला असल्यामुळे २०२५ मध्ये हजारो आरोग्यकर्मी कामावरून गेले. औषध भांडारात राहिले आणि ते घरापर्यंत नेणारी साखळी तुटली.

पिअर, हॉटस्पॉट आणि सहा महिन्यांची तारीख

ही साखळी महाराष्ट्रात कशी चालते, हे तपशिलाने पाहणे आवश्यक आहे. महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्था स्वयंसेवी संस्थांशी करार करते आणि त्या कराराला 'टार्गेटेड इंटरव्हेन्शन', बोलीभाषेत 'टीआय', म्हणतात. देहविक्रय करणाऱ्या महिला, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, पारलिंगी व्यक्ती, सुईने नशा करणारे लोक, ट्रकचालक आणि स्थलांतरित मजूर अशा गटांसाठी स्वतंत्र टीआय असतात. टीआयचा पाया म्हणजे 'पिअर', त्याच समूहातील व्यक्ती. एका पिअरकडे साधारण ६० जणांची यादी असते आणि ही माणसे कोणत्या लॉजवर, कोणत्या चौकात, कोणत्या बसथांब्यावर कोणत्या वेळी भेटतात, हे तिला पाठ असते. अशा जागांना कार्यक्रमाच्या भाषेत 'हॉटस्पॉट' म्हणतात. पिअरने निरोध पोहोचवायचे, तीन महिन्यांनी वैद्यकीय तपासणीला न्यायचे, सहा महिन्यांनी एचआयव्ही आणि सिफिलिसची चाचणी करवून आणायची, आणि कोणी पॉझिटिव्ह निघाले तर एआरटी केंद्रापर्यंत सोबत जायचे. पिअरच्या वर 'ओआरडब्ल्यू', म्हणजे क्षेत्रकार्यकर्ता, आणि त्याच्या वर प्रकल्प व्यवस्थापक असतो.

हे काम कागदावर सोपे दिसते. बुधवार पेठेसारख्या वस्तीत मात्र महिलेला भेटायचे तर घरवालीची मर्जी सांभाळावी लागते, दुपारी उशिरा उठण्याच्या आणि संध्याकाळी धंद्याला बसण्याच्या मधला तासाभराचा वेळ पकडावा लागतो, आणि काही दिवसांनी तीच महिला सोलापूरला किंवा कर्नाटकातल्या गावी निघून गेली की यादीतील नाव पुन्हा शोधावे लागते. अलीकडे व्यवसाय वस्तीतून निघून मोबाइलवर आणि भाड्याच्या सदनिकांत गेल्यामुळे हॉटस्पॉटचा जुना नकाशा अपुरा पडू लागला आहे, आणि नवा नकाशा बनवण्याचे काम कोणाही अधिकाऱ्यापेक्षा पिअरच अधिक चांगले करू शकते. असे असूनही पिअरला वेतन नसते, मानधन असते. ते तुटपुंजे असते आणि पुष्कळदा उशिरा येते.

उपचार केंद्रातील क्रमही असाच माणसांवर उभा आहे. रुग्ण हातात 'ग्रीन बुक' घेऊन येतो, केंद्राकडे त्याचे 'व्हाइट कार्ड' असते. वजन होते, समुपदेशक उरलेल्या गोळ्या मोजून किती चुकल्या ते पाहतो, डॉक्टर तपासतात, औषधे मिळतात आणि पुढची तारीख पडते. तारखेला रुग्ण आला नाही तर त्याचे नाव फोन करण्याच्या यादीत जाते आणि फोन लागला नाही तर कोणीतरी घरी जाते. घरी जाताना मात्र गल्लीतल्या कोणालाही आपण कोठून आलो याचा सुगावा लागू न देण्याची जबाबदारी त्याच्यावर असते. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, गोपनीयतेचे आणि भेदभावविरोधी संरक्षणाचे बंधन घातले आहे. मात्र उपचार देण्याच्या शासकीय कर्तव्याला त्याच कायद्याने 'शक्य तितके' ही मर्यादा जोडली, आणि एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या संघटनांचा त्याला असलेला आक्षेप रास्त आहे.

पिअरच्या यादीचे मोल किती असू शकते, हे टाळेबंदीच्या काळात दिसले. सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देहविक्रय करणाऱ्या महिलांना ओळखपत्राचा आग्रह न धरता शिधा देण्याचे निर्देश दिले, आणि महाराष्ट्र शासनाने ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांसाठी दरमहा ५ हजार रुपयांचे साहाय्य मंजूर केले. या महिला कोण आणि कोठे, हे शासनाला ठाऊक नव्हते. ते एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या याद्यांना, म्हणजे पर्यायाने वर्षानुवर्षे दारोदार फिरलेल्या पिअर महिलांना, ठाऊक होते.

पूर्वी एकदा झालेले हस्तांतर

परदेशी पैसा संपल्यानंतर काय करायचे, हा प्रश्न महाराष्ट्राला पहिल्यांदा पडलेला नाही. गेट्स फाउंडेशनने २००३ मध्ये 'आवाहन' हा एचआयव्ही-प्रतिबंधाचा कार्यक्रम सहा राज्यांत सुरू केला आणि त्यावर एकूण ३३ कोटी ८० लाख डॉलरांची तरतूद केली. महाराष्ट्रातील अनेक जिल्ह्यांत त्याचे काम पाथफाइंडर इंटरनॅशनल ही संस्था 'मुक्ता' या नावाने करत असे. पिअरच्या हाती तिच्या ६० जणींचा आठवडावार आराखडा देण्याची, चित्रांच्या साहाय्याने अक्षरओळख नसलेल्या महिलेलाही तो भरता येईल अशी पद्धत याच कार्यक्रमाने रूढ केली.

२००९ पासून तीन फेऱ्यांत हे प्रकल्प शासनाकडे सोपवण्यात आले, आणि या हस्तांतराचा अभ्यास बारकाईने झालेला असल्यामुळे त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. हस्तांतर एका रात्रीत झाले नाही. सोपवण्यापूर्वीच खर्चाचे दर, नोंदवह्या आणि कर्मचाऱ्यांची संख्या शासकीय निकषांशी जुळवून घेण्यात आली, आणि नंतरही काही काळ मदतीला माणसे ठेवण्यात आली. त्यामुळे बहुतेक ठिकाणी सेवा बंद पडल्या नाहीत. परंतु ज्या गोष्टी ढासळल्या त्या सर्व एकाच जातीच्या होत्या. शासकीय हप्ते उशिरा आल्यामुळे मानधने रखडली. स्थानिक गरजेनुसार खर्च फिरवण्याची मुभा गेली. आणि महिलांच्या संघटना बांधणे, पोलिसी त्रास झाल्यास रात्रीअपरात्री धावून जाणे, ही ज्या कामांची शासकीय नमुन्यात मोजदाद होत नाही ती कामे आधी मागे पडली. आज 'मित्र'च्या जागी काय उभे करायचे याचा विचार करणाऱ्यांनी हा अनुभव आधाराला घ्यावा. २०२५ ची कपात आवाहनच्या हस्तांतराहून वेगळी ठरते ती याच कारणाने की तिने तयारीला एक आठवडाही दिला नाही.

परदेशी पैशाला दुसरी बाजूही असते आणि ती महाराष्ट्राने फार पूर्वी ओळखली होती. पेपफारच्या २००३ च्या अमेरिकी कायद्यात अशी अट होती की निधी घेणाऱ्या संस्थेने वेश्याव्यवसायाच्या विरोधात लेखी भूमिका घ्यावी. सांगलीची 'संग्राम' ही संस्था १९९२ पासून या महिलांबरोबर काम करत होती आणि 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' ही त्यांची स्वतःची संघटना १९९६ मध्ये उभी राहिली होती. मीना सेषू यांच्या नेतृत्वाखालील संग्रामने २००५ मध्ये या अटीवर सही करण्यास नकार देऊन अमेरिकी निधी सोडला. त्याच वर्षी ब्राझीलने त्याच कारणासाठी ४ कोटी डॉलर नाकारले. ज्या महिलांच्या विश्वासावर काम उभे होते त्यांच्याच विरोधात कागदावर सही करणे म्हणजे कामाचा पायाच काढून घेणे होते, आणि संग्रामचा निर्णय पुढील काळाने योग्य ठरवला आहे.

संततिनियमन, गर्भपात आणि रिकामे कपाट

प्रजनन आरोग्याच्या बाबतीत परदेशी कपातीचा परिणाम अधिक अप्रत्यक्ष आहे, कारण हे काम येथे मुळात परदेशी पैशावर उभे राहिलेले नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ मधील मृत्यूपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक पदराला खार लावून चालवले. त्यामागे ना सरकार होते ना परदेशी संस्था. १९४९ मध्ये मुंबईत भारतीय कुटुंब नियोजन संघटना स्थापन झाली आणि १९५२ मध्ये मुंबईतच भरलेल्या परिषदेत आंतरराष्ट्रीय महासंघाचा जन्म झाला. त्याच वर्षी भारताने शासकीय कुटुंब नियोजन कार्यक्रम सुरू केला, जो आजही देशाच्या तिजोरीतून चालतो. तांबी, गोळ्या, 'अंतरा' हे तिमाही इंजेक्शन आणि 'छाया' ही साप्ताहिक गोळी शासकीय दवाखान्यात मोफत मिळते.

अमेरिकेचा 'मेक्सिको सिटी' नियम, म्हणजे गर्भपाताची सेवा किंवा माहिती देणाऱ्या परदेशी संस्थांना अमेरिकी निधी नाकारण्याचे धोरण, १९८४ पासून सरकार बदलेल तसे लागू आणि रद्द होत आले आणि जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा लागू झाले. त्याने अशा आंतरराष्ट्रीय महासंघांचा हात आखडतो आणि त्यांच्या भारतीय शाखांकडे येणारे साहाय्य कमी होते. दुसरा फटका माहितीला बसला. अनेक देशांत लोकसंख्या व आरोग्याची पाहणी करणारा यूएसएडचा कार्यक्रम २०२५ च्या सुरुवातीस थांबला. भारताचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण त्याच कुळातले, आणि १९९२-९३ मधील पहिल्या फेरीपासून त्याला अमेरिकी साहाय्य होते. मुंबईच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ते राबवते आणि आता त्याचा भार केंद्र शासन वाहते, म्हणून ते तगले.

मात्र सदाशिव पेठेतील एखाद्या अविवाहित विद्यार्थिनीपुढील अडचण यांपैकी कशानेच सुटत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालानंतर अविवाहित स्त्रीलाही सुरक्षित गर्भपाताचा हक्क विवाहितेइतकाच आहे. तथापि २०१२ मधील बीड जिल्ह्यातील स्त्रीभ्रूणहत्येच्या प्रकरणानंतर राज्यात गर्भपाताच्या गोळ्यांवर इतका कडक पहारा बसला की औषधविक्रेत्यांनी त्या ठेवणेच सोडले. २०२० च्या एका बहुराज्यीय पाहणीत महाराष्ट्रातील अगदी नगण्य दुकानांत या गोळ्या आढळल्या. गर्भलिंगनिदान स्कॅनने होते आणि या गोळ्या गर्भलिंग कळण्याच्या आधीच्या आठवड्यांत वापरल्या जातात, हे लक्षात घेता हा पहारा चुकीच्या दारावर बसलेला आहे. ज्या पेठेतून जिल्हाभर औषधे जातात तिच्याच अभ्यासिकेत बसलेल्या मुलीला डॉक्टरची चिठ्ठी असूनही औषध मिळू नये, याचा दोष कोणत्याही परदेशी सरकारला देता येणार नाही.

प्रजनन आरोग्य आणि एचआयव्ही यांची गाठ पडते ती प्रसूतिगृहात. पुण्यात याचे मोठे काम झाले आहे. बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय आणि जॉन्स हॉपकिन्स यांच्या सहकार्याने, अमेरिकी संशोधन निधीतून, स्तनपान घेणाऱ्या बाळांना सहा आठवडे नेव्हिरापिन देण्याची चाचणी येथे झाली. इथिओपिया आणि युगांडा येथील निष्कर्षांसह ती २००८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि सहाव्या आठवड्यापर्यंतचा संसर्ग या उपायाने जवळजवळ निम्मा होतो असे तिने दाखवले. 'प्रयास' संस्थेच्या आरोग्य गटाने, ज्याचे काम १९९४ पासून पुण्यात चालू आहे, खासगी प्रसूतिगृहांत समुपदेशन पोहोचवून आईकडून बाळाला होणारा संसर्ग रोखण्याची व्यवस्था उभी केली. शहरी मध्यमवर्गाच्या प्रसूती खासगी रुग्णालयांत होतात आणि शासकीय कार्यक्रमाची नजर तेथे कमी पोहोचते, हे ओळखून केलेले ते काम होते. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी परदेशी सहयोगी संस्थांना उप-अनुदान देण्याची जुनी पद्धत थांबवली, त्यामुळे अशा संशोधनाच्या पुढील फेऱ्यांवरही प्रश्नचिन्ह आहे.

पैसा कोठून, आणि वेळेवर कसा

स्वदेशी निधी म्हणजे निश्चिती, असे मानणेही धोक्याचे आहे. २०२२ च्या उन्हाळ्यानंतर निविदांचा घोळ होऊन काही औषधांचा देशात तुटवडा पडला, तेव्हा एचआयव्हीसह जगणारे कार्यकर्ते दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यालयासमोर महिनाभराहून अधिक काळ ठाण मांडून बसले होते. पैसा मंजूर होता, गोळी नव्हती.

परदेशी देणग्यांच्या कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीने मोठ्या संस्थेकडून लहान संस्थेकडे निधी वळवणे बंद केले आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा २० टक्क्यांवर आणली, त्यामुळे वस्तीतल्या लहान संस्था अमेरिकी निर्णयाच्या आधीच दुबळ्या झाल्या होत्या. कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाचा निधी हा पर्याय सुचवला जातो. पुणे परिसरात मोठ्या कंपन्या पुष्कळ आहेत आणि प्रतिबंधक आरोग्यसेवा त्या निधीच्या यादीत बसते. परंतु हा निधी इमारत, यंत्र, रुग्णवाहिका अशा छायाचित्रात दिसणाऱ्या वस्तूंकडे झुकतो, आणि वेश्यावस्तीतल्या पिअरचे मानधन पाच वर्षे देण्यास संचालक मंडळे सहसा तयार होत नाहीत.

त्यामुळे भार स्थानिक शासनावरच येतो, आणि तेथे साधने आहेत. पुणे महापालिकेकडे कमला नेहरू रुग्णालय आणि प्रसूतिगृहांचे जाळे आहे. त्यांतील एका ठिकाणी आठवड्यातील दोन संध्याकाळी पारलिंगी समुपदेशकासह दवाखाना चालवणे, पिअरचे मानधन महापालिकेच्या अंदाजपत्रकात किंवा जिल्हा नियोजनाच्या निधीत स्वतंत्र शीर्षाखाली मांडणे, आणि राज्याचा हप्ता उशिरा आला तर ते आगाऊ देऊन नंतर वळते करून घेणे, यांसाठी नवा कायदा लागत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये पारलिंगी व्यक्तींसाठी आयुष्मान भारत योजनेत वार्षिक ५ लाख रुपयांच्या विमाछत्राचा करार झाला. ते छत्र प्रत्यक्ष मिळण्यासाठी ओळखपत्रे काढून देणारा कोणीतरी हवा असतो, आणि 'मित्र'सारख्या केंद्रात हेच काम होत असे. संजय गांधी निराधार योजनेचे साहाय्य किंवा एसटीच्या प्रवासातील सवलत यांचेही तसेच आहे. योजना कागदावर असतात आणि त्यांचा लाभ घेऊ पाहणारा माणूस तलाठी कार्यालयात आपला आजार मोठ्याने सांगायला घाबरतो.

हा प्रश्न लवकरच अधिक तातडीचा होणार आहे. सहा महिन्यांतून एकदा टोचून घेतल्यास एचआयव्हीचा संसर्ग जवळजवळ पूर्णपणे रोखणाऱ्या लेनाकापावीर या औषधाला जून २०२५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. सप्टेंबरमध्ये डॉ. रेड्डीज आणि हेटेरो या हैदराबादच्या कंपन्यांबरोबर झालेल्या करारांनुसार २०२७ पासून ते अनेक देशांना वर्षाला सुमारे ४० डॉलर इतक्या किमतीत मिळू शकेल. एका व्यक्तीला वर्षातून दोनच वेळा सुई घ्यावी लागेल. परंतु ज्यांना त्याची सर्वाधिक गरज आहे ती माणसे पत्ता बदलणारी, नाव बदलणारी, लॉजवर आणि भाड्याच्या सदनिकेत भेटणारी आहेत, आणि पहिल्या सुईनंतर बरोबर सहा महिन्यांनी त्यांना पुन्हा शोधून आणणे हे पिअरचेच काम राहणार आहे. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या पुढील टप्प्याचे खर्चाचे निकष आखताना सुईच्या किमतीच्या शेजारच्या रकान्यात या शोधाचा खर्च आणि तो देण्याची महिन्यातली तारीखही लिहिली जावी, ही मागणी एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या संघटनांनी आताच, निकष ठरण्यापूर्वी, मुंबईत आणि दिल्लीत लावून धरण्याजोगी आहे.